धाकटीचं मॅग्नेट

काळजीनं वागणाऱ्याचं भलं होतं असं ज्यानं कुणी सांगून ठेवलंय, त्याला एकदा सुमय्या पिंजारीसमोर आणून बसवायला पाहिजे. बाई एवढी नेटकी की सहा वर्षांच्या प्रयोगवह्या चाळा, एक खाडाखोड सापडायची नाही. घरात कांदा चिरायची सुरी वेगळी, फळांची वेगळी, आणि दुधाच्या पातेल्याला तर दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नाही. अशा बाईचा घात केला तो तिच्या याच नेटकेपणानं. जरा गबाळी असती ना, तर पहिल्या महिन्यातच सुटली असती! उगीच बोलायचं म्हणून बोलत नाही, पुढं ऐका म्हणजे कळेल.

सुमय्या वैजापूरची. वडील कमरोद्दीन, मार्केट यार्डाच्या मागं त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. कापसाच्या धुरळ्यात बसून अब्बांनी तीन पोरी शिकवल्या, त्यातली ही मधली. एम.एस्सी. झाली, सेट परीक्षा पास झाली आणि गावातल्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागली. आता 'लागली' म्हटलं की लोकांना वाटतं, नोकरी लागली. कसली नोकरी! तासिका तत्त्वावर. तास घेतला तर मोबदला, उन्हाळा आला की नाव कमी, जूनमध्ये पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. जी माणसं तिला वर्षभर जिन्यात 'काय म्हणता मॅडम' म्हणायची, तीच जूनमध्ये टेबलापलीकडं बसून विचारायची, "हं, आपलं नाव?" असं एक-दोनदा नाही, अकरा वर्षं! पोरांच्या तोंडी ती मॅडम होती, ऑफिसात मात्र 'त्या सीएचबीवाल्या', म्हणजे तासावरच्या.

संस्थेचे सचिव दर वर्षी एकच सांगायचे, "पीएच.डी. होऊन या, पक्की जागा निघाली की तुमचीच समजा." म्हणून मुलगी दोन वर्षांची असताना तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. नवरा तन्वीर शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, म्हणून बिऱ्हाड चिकलठाण्याला. आठवड्यातले तीन दिवस एसटीनं वैजापूरला शिकवायला, तीन दिवस शहरातल्या एका जुन्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात. रविवारी धुणी. अशी सहा वर्षं काढली बाईनं.

तिचे मार्गदर्शक डॉ. सुदर्शन पाठक. पुंडलिकनगरात राहणारे, पांढऱ्या बुशशर्टातले, शिपायालासुद्धा अहो-जाहो करणारे गृहस्थ. आजोबा पैठणला भिक्षुकी करायचे, वडील तहसिलीत कारकून, आणि हे केमिस्ट्रीचे प्राध्यापक. त्यांचा आयुष्यभराचा विषय एकच. एकमेकांच्या नात्यातली ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगं घ्यायची आणि कुणाची ठेवण कशी, कुणाचं काम कसं, हे शेजारी शेजारी मांडून बघायचं.

नाव ऐकून घाबरू नका. पॅलेडियम नावाचा महागडा धातू असतो, त्याचा अणू कार्बनच्या सांगाड्यात बसवला की झालं ऑर्गॅनोमेटॅलिक संयुग. याचा उपयोग उत्प्रेरक म्हणून. दोन रेणू, जे एरवी एकमेकांकडं ढुंकून बघत नाहीत, ते याची चिमूट पडली की पटकन जोडले जातात, आणि हा बाजूला होऊन पुढच्या जोडीच्या मागं लागतो. औषधांच्या कारखान्यांत याच्यावाचून पान हलत नाही. सुमय्यानं अशी चार संयुगं बनवली. चौघी बहिणीच म्हणा ना, तीही तसंच म्हणायची. सांगाडा तोच, धातू तोच. फरक एवढाच की धातूच्या शेजारी बसवलेला गट थोरलीचा अगदी लहान, दुसरीचा जरा मोठा, तिसरीचा आणखी मोठा, आणि धाकटीचा चांगला ऐसपैस.

चौघींचे स्फटिक वाढवायला तिला दोन वर्षं लागली. ते क्ष-किरणांवर तपासून आणले तेव्हा धाकटीचा धातू आणि कार्बन यांच्यातला बंध बाकीच्यांपेक्षा किंचित लांब निघाला, कोनही ताणलेले. मग चौघींना एकाच कामाला लावलं. तेच दोन रेणू जोडायचे, तेवढाच वेळ, तेवढंच तापमान. थोरलीनं शंभरातले एकसष्ट जोडले, दुसरीनं त्रेसष्ट, तिसरीनं सहासष्ट. आणि धाकटीनं? चौऱ्याण्णव! पाठक सर खुर्चीतून उठलेच. "बघा सुमय्या, मोठा गट धातूला रेटतो, बंध सैल होतो, म्हणून ही चपळ. ठेवणीतच सगळं आहे!" तिनं पुन्हा केलं, चौऱ्याण्णव. पंधरा दिवसांनी पुन्हा केलं, त्र्याण्णव. परदेशातल्या एका चांगल्या मासिकात पेपर छापून आला, पहिलं नाव सुमय्याचं, शेवटचं सरांचं. केंद्रात पेढे वाटले गेले आणि अब्बांनी त्या पानाची रंगीत प्रत काढून दुकानात लावली.

आता ते मॅग्नेट. फ्लास्कातलं मिश्रण ढवळायला आत एक चुंबकाचा तुकडा टाकतात, बोटाच्या पेराएवढा, वरून पांढऱ्या टेफ्लॉनचं कवच. खालचं यंत्र फिरलं की तो आत गरगरतो. मोठ्या प्रयोगशाळांत ती मुठीनं टाकून देतात म्हणे. आपल्याकडं एक मॅग्नेट चार चार विद्यार्थ्यांच्या हाताखालून जातं, धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊन. सुमय्याला हे पटेना. एकीचं उष्टं दुसरीला नको म्हणून तिनं ठरवलं, चौघींना चार मॅग्नेट, आणि कुणाचं कुणाला द्यायचं नाही. केंद्रात त्या मापाची नवी तीनच निघाली. चौथं तिथल्या कडुबानं आपल्या डब्यातून काढून दिलं. कडुबा म्हणजे प्रयोगशाळेतला जुना माणूस, काचेची भांडी त्याच्या ताब्यात. "लई जुनं हाय ताई, पर चालतंय बघा," असं म्हणून त्यानं ते तीनदा आम्लात बुडवून, घासून दिलं. कवचावर बारीक ओरखडे होते, तेवढंच. ते धाकटीच्या वाट्याला आलं.

झालं! तेव्हापासून शेवटपर्यंत थोरलीचं थोरलीला आणि धाकटीचं धाकटीला.

पुढचं घडलं ते प्रबंध सादर झाल्यावर. पुण्याच्या परीक्षक बाईंनी अहवाल चांगला दिला, पण एक विचारलं: चौथ्या संयुगाच्याच परिस्थितीत, संयुग न घालता, अभिक्रिया करून पाहिली का? याला ब्लँक म्हणतात. उत्प्रेरक नाही तर काम होता कामा नये, म्हणजे काम उत्प्रेरकानंच केलं हे सिद्ध. सुमय्यानं ब्लँक सुरुवातीला केली होती, पण थोरलीच्या भांड्यात, थोरलीच्या मॅग्नेटनं. बाई म्हणतायत तर धाकटीच्या भांड्यात करू, म्हणून तिनं धाकटीचाच फ्लास्क घेतला, धाकटीचंच मॅग्नेट टाकलं, आणि धाकटीला तेवढं बाहेर ठेवलं. चार तासांनी नमुना काढला, त्याचा थेंब तपासायच्या पट्टीवर चढवून पट्टी निळ्या दिव्याखाली धरली. जिथं काही दिसायला नको होतं तिथं ठिपका होता. चांगला ठसठशीत.

तिला वाटलं फ्लास्क घाण असेल. नवा घेतला, ठिपका आलाच. यंत्रावर मोजलं तर अठ्ठावन्न. उत्प्रेरक घातलेलाच नाही, आणि शंभरातले अठ्ठावन्न रेणू जोडलेले! त्या दिवशी तिला डबा खायची आठवण राहिली नाही. दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून तिनं पदरच्या पैशानं नवं मॅग्नेट आणलं आणि ब्लँक पुन्हा केली. काही नाही, कोरी. मग नव्या मॅग्नेटनं धाकटीची अभिक्रिया केली. पासष्ट. पुन्हा केली, चौसष्ट.

म्हणजे काय झालं होतं? कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगातलं पॅलेडियम त्या ओरखड्यांत जाऊन बसलं होतं, डोळ्यांना दिसणार नाही असं, आणि आम्लालाही दाद न देणारं. चौऱ्याण्णवातलं वरचं सगळं काम त्यानं केलं होतं. धाकटी बिचारी बहिणींसारखीच. गट लहान असो की ऐसपैस, बंध आखूड असो की लांब, चौघींच्या कामात फरकच नव्हता. आणि मॅग्नेटांची अदलाबदल झाली असती तर हे भूत एकदा थोरलीच्या अंगात दिसलं असतं, एकदा तिसरीच्या, आणि सुमय्यानं पहिल्याच महिन्यात डोकं धरून विचार केला असता. पण हिनं वेगवेगळं ठेवलं ना, नीट, नावाच्या चिठ्ठ्या लावून!

तिनं सगळं वहीत लिहिलं आणि वही घेऊन सरांकडं गेली. सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ब्लँक नव्या मॅग्नेटनं कोरी आली ना?"

"हो सर."

"मग तेवढं लिहा. ब्लँक स्वच्छ सामानानंच करायची असते. खोटं काय आहे त्यात?"

"आणि धाकटीचे चौऱ्याण्णव?"

"ते तुम्ही केलेत, तसे आलेत, यंत्राचे कागद आहेत. तेही खोटं नाही."

सुमय्या उभीच राहिली. एक वाक्य खरं, दुसरंही खरं, आणि दोन्ही मिळून लबाडी. हे तिला कळत होतं, सरांना तर तिच्या आधी कळलं होतं. त्यांचा आवाज खाली आला. "एकतीस वर्षांत माझा हा एक पेपर मानाच्या जागी छापून आलाय. निवृत्तीला दोन महिने आहेत. मागं घेतला तर 'पाठक चुकला' असं कुणी म्हणणार नाही, 'पाठकनं आकडे बनवले' म्हणतील. आणि तुमचं काय? प्रबंध उभा आहे तो याच एका आकड्यावर. नोंदणीची मुदत संपतेय, मी जाणार, म्हणजे नवा मार्गदर्शक, नवा विषय. ऑगस्टमधल्या जागेचं काय करणार?"

आता सरांना शिव्या घालायच्या तर घाला. पण ते हे दटावून बोलत नव्हते, विनवून बोलत होते, आणि सुमय्याला त्याचाच जास्त त्रास झाला. माणूस दटावतो तेव्हा त्याच्यावर चिडता तरी येतं. सहा वर्षं ज्यानं एका शब्दानं दुखावलं नाही, त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पुंजी कशी मातीत घालायची? आणि ऑगस्टमधली जागा तर खरीच होती. जाहिरात निघाली होती, जागा एकच, पीएच.डी. असलेल्याला आधी.

घरी येऊन तिनं तन्वीरला सांगितलं. तो कणीक मळत होता, त्या दिवशी त्याची पाळी लवकर सुटली होती. ऐकून म्हणाला, "हमारे यहाँ ऐसा हुआ तो लॉट रोक देते. रोते नै बैठते."

"तुम्हारा लॉट रुका तो दूसरा आता," सुमय्या म्हणाली. "मेरा लॉट मैंच हूँ."

त्यानं हात धुतले आणि तिच्यासाठी चहा टाकला. पुढचे चार दिवस तिनं वेगवेगळे हिशेब मांडले. सांगितलं तर सर बुडतात, मी बुडते. नाही सांगितलं तर बुडत कुणीच नाही, फक्त मला माहीत राहतं. एवढं माहीत असण्याचं ओझं बाई उचलू शकत नाही का? अकरा जूनमहिने उचलले, हेही उचलेन. पाचव्या दिवशी तिनं परीक्षकांसाठी उत्तर लिहिलं: ब्लँक अभिक्रिया नव्या, स्वच्छ मॅग्नेटनं केली, अपेक्षित पदार्थ मिळाला नाही. सुवाच्य अक्षरात सही केली.

प्रबंधाची खुली मुलाखत, म्हणजे व्हायव्हा, जुलैत झाली, सरांच्या निवृत्तीच्या आठ दिवस आधी. सभागृहात सगळे. अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून मागच्या रांगेत, शेजारी अम्मी, दाराशी कडुबा. परीक्षक बाई चांगल्या होत्या हो, मनमोकळ्या. त्यांनी ब्लँकचं विचारलं, सुमय्यानं ते पाठ झालेलं वाक्य म्हटलं. बाईंनी मान डोलावली. "चौघींना चार वेगळी मॅग्नेट वापरलीत, हे मला फार आवडलं. इतकी काळजी आजकाल कोण घेतं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमय्याला वाटलं, इथंच खाली बसावं आणि कुणाला दिसू नये. पण टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघून हसायचं असतं, ती हसली.

बाहेर अब्बांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बेटा, मेरेकू कुछ समझ्या नै. पर सब लोगां ऐसे चुप बैठके सुन रे थे, मैं बोल्या, बहोत सच्ची बात बोल रई होएंगी." ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि सगळ्यांना ते आनंदाश्रू वाटले. कडुबासुद्धा डोळे पुसत होता. "लई सोसलं ताईनं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

ऑगस्टमध्ये जागा मिळाली. पक्की! टेबलापलीकडच्या माणसांनी या वेळी नाव विचारलं नाही, आधी डॉक्टर लावून त्यांनीच ते घेतलं. ऑफिसातली माणसं आता उठून खुर्ची द्यायला लागली. ज्या दारातून आत यायला तिनं अकरा वर्षं घातली त्याच दाराची तिला धास्ती बसली. कुणी अनोळखी माणूस स्टाफरूमकडं येताना दिसला की ती उठून प्रयोगशाळेत जायची. पेपरचा कुणी उल्लेख केला असा मेल आला की ती न उघडता पुसून टाकायची. वर्गात उत्प्रेरक शिकवताना तो धडा ती घाईघाईनं उरकायची, पोरांनी शंका विचारली की अंगावर खेकसायची. तन्वीर एकदा म्हणाला, "नोकरी लगी तबसे तू हँसी नै." ती म्हणाली, काम फार असतं. मिळालं होतं ते सोडता येत नव्हतं आणि भोगताही येत नव्हतं, असं जगणं जगत होती बाई.

मेलमधून हिमानी आली ती ऑक्टोबरात. नांदेडकडची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिनं धाकटीच्याही पुढची, आणखी मोठ्या गटाची पाचवी बहीण बनवली होती. तुलना करायची म्हणून धाकटीची अभिक्रिया आधी करून बघितली, तर चौसष्टच्या वर जाईना. "मॅडम, माझं काय चुकतंय?" सुमय्यानं उत्तर लिहिलं: हवा नीट काढा, पाणी अजिबात राहू देऊ नका. पंधरा दिवसांनी दुसरा मेल, तरी पासष्ट. सुमय्यानं लिहिलं: क्षार बदलून बघा. अहो, काय म्हणावं या बाईला! ज्या दारामागं काहीच नाही ते दार ठोठावायला पोरीला आणखी जोर लावून सांगत होती, आणि हे करताना तिला स्वतःची किळस येत होती. तिसरा मेल आला नाही. हिमानी स्वतःच आली, जानेवारीतल्या एका शनिवारी, वैजापूरच्या कॉलेजात. हातात शंकरपाळ्यांचा डबा, पाठीवर भली मोठी सॅक.

"मॅडम, राग येऊ देऊ नका. तुमच्यासमोर एकदा करून दाखवते. आमचे सर म्हणतात, छापलेलं आहे म्हणजे होतंच, तुझ्या हातालाच गुण नाही. आठ महिने झाले. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. बोलताना ती आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती, आजारी माणसाचे असावेत तसे ते मांडीवर ठेवून. सुमय्यानं प्रयोगशाळेचं दार लोटलं आणि तिला समोर बसवलं.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. चौसष्टच येतात. मलाही तेवढेच आले."

मग तिनं सगळं सांगितलं. डब्यातलं जुनं मॅग्नेट, अठ्ठावन्नची ब्लँक, सरांची विनवणी, ते वाक्य. काही लपवलं नाही. हिमानीनं मध्ये एकदाच विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" सुमय्या म्हणाली, "व्हायव्हाच्या दोन महिने आधीपासून." पोरगी आता शिव्या देईल, तोंडावर डबा फेकेल, उठून जाईल, या सगळ्याची तिनं मनाची तयारी केली होती. खरं तर तिला ते हवंच होतं.

हिमानीनं शंकरपाळ्यांचा डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ते मॅग्नेट अजून आहे तुमच्याकडं?"

"आहे. का?"

"मला द्या ना. माझी मुदत मार्चअखेर संपते. सरांसमोर एकदा चौऱ्याण्णव दाखवते, माझ्या पाचवीचे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव येतील. लगेच परत आणून देते, शप्पथ."

शेजारणीकडं चाळणी मागावी तशी मागत होती. चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नाही, नुसता सुटकेचा आनंद.

"नाही देणार."

"का पण?" हिमानीचा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही झालात ना डॉक्टर!"

सुमय्यानं पाण्याचा ग्लास पोरीपुढं सरकवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. "बस तू. तुझ्या देखत लिहिते." आधी तिनं पाठक सरांना फोन लावला. मासिकाला पत्र लिहून पेपर मागं घेतेय, विद्यापीठालाही कळवतेय, म्हणाली. पलीकडं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग सर म्हणाले, "मला विचारू नका, सुमय्या. विचारलंत तर मी नको म्हणेन." आणि त्यांनी फोन ठेवला.

पत्र लिहायला तासभर लागला. आकडे, तारखा, दोन्ही ब्लँक, चौघींचे खरे निकाल. हिमानी रडायची थांबली होती, खुर्ची ओढून शेजारी येऊन वाचत होती. वाचता वाचता तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, इथं तुम्ही लिहिलंय, 'हे मला व्हायव्हाच्या आधीच कळलं होतं.'"

"हो."

"तिथं 'नुकतंच लक्षात आलं' असं करा. मग ती चूक ठरेल, फसवणूक नाही. तुमच्या सरांशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला माहितीय? मी नाही सांगणार कुणाला. नोकरी वाचेल तुमची."

हे तिनं मनापासून, अगदी कळवळून सांगितलं. आता तिला सुमय्याची खरोखर काळजी वाटत होती. सुमय्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पत्र होतं तसं पाठवून दिलं.